संगणकी चित्रांतील आमचे सिनेगॉग

कोकणातील आपल्या जुन्या सिनेगॉगांची संगणकावर तयार केलेली चित्रे अलीकडे समाजात बरीच फिरू लागली आहेत. कुणी आजोबांच्या स्मरणार्थ छापलेल्या पुस्तिकेसाठी, कुणी मुलाच्या बार मिट्झवाच्या समारंभात पडद्यावर दाखवण्यासाठी, तर कुणी निव्वळ हौसेखातर ती तयार करतो. काढणारे बहुतेक इथे, इस्राएलमध्येच जन्मलेले तरुण आहेत. वाडवडिलांचे गाव त्यांनी पाहिलेले नाही, किंवा आठ-दहा दिवसांच्या सहलीत घाईघाईने पाहिले आहे. तरीही तेथील प्रार्थनास्थान आपल्या हातांनी पुन्हा उभे करावे असे त्यांना वाटते, ही गोष्ट आम्ही मोलाची मानतो. म्हणूनच या चित्रांची नीट चिकित्सा व्हावी असे आम्हांस वाटते. नुसते "छान, छान" म्हणून पाठ थोपटली, तर काढणारा पुढच्या वेळीही तेच काढणार.

ही चित्रे पाहताना प्रथम जाणवते ते असे, की त्यांत नाव घेऊन दाखवावी अशी चूक सापडत नाही आणि तरीही ती खरी वाटत नाहीत. मध्यभागी तेबा आहे, समोर हेखाल आहे, वर बायकांची माडी आहे, छताला कंदील टांगलेले आहेत. पण सारे कसे आजच दुकानातून आणून मांडल्यासारखे दिसते. वयोवृद्ध माणसाला असे चित्र दाखवावे, तर तो चष्मा पुसून पाहतो, "हो, असेच होते," म्हणतो आणि कागद परत करतो. पुढे काही बोलत नाही. खरे चित्र हाती पडले असते, तर "या खांबापाशी माझे वडील बसत", "इथली लादी फुटकी होती", असे काहीतरी त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय राहिले नसते. चित्र जमले की नाही हे ठरवण्याची याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

या निर्जीवपणाचे मूळ कुठे आहे? आमच्या मते ते नमुन्यात आहे. आपल्या तरुणांनी लहानपणापासून पाहिलेली संगणकी इमारतींची चित्रे म्हणजे नव्या वसाहतींच्या जाहिराती. इथे पुष्कळ घरे पाया खणण्यापूर्वीच, ज्याला लोक 'कागदावर' घेणे म्हणतात, त्या पद्धतीने विकली जातात, आणि तो कागद म्हणजे बहुधा असेच एखादे चित्र असते. त्यात आकाश निळेशार, हिरवळ नुकतीच कापलेली, आणि सज्जा उत्तरेकडचा असो वा दक्षिणेकडचा, ऊन त्यावर हजर. त्या चित्राचे काम आश्वासन देण्याचे आहे, आणि आश्वासनाला डाग परवडत नाही. आपल्या सिनेगॉगच्या चित्राचे काम साक्ष देण्याचे आहे. जाहिरातीची रीत साक्षीला लावली की काय होते, ते या चित्रांत दिसते.

दोष यंत्राचा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. १९७५ साली बुइ तुओंग फोंग यांनी पृष्ठभागावरील चकाकीचे सोपे गणित मांडले. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी काच आणि आरसा यांतून जाणाऱ्या किरणांचा माग काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर कसा उतरतो, ते एका लहानशा खोक्याच्या चित्राने दाखवले. १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाचा हा सारा व्यवहार एका समीकरणात बसवला. आज ब्लेंडरसारखी प्रणाली, जी २००२ पासून सर्वांना मोफत व खुली आहे, हे गणित घरच्या संगणकावर करून देते. तेव्हा प्रकाश कसा वागतो हे यंत्राला कळते. तो कुठून यावा, कशावर पडावा आणि ती वस्तू किती जुनी, हे मात्र काढणाऱ्याने सांगायचे असते. चित्रातील प्रत्येक गोष्टीला कारण असले पाहिजे. नवशिक्यांच्या चित्रांत सावल्या, रंग आणि वस्तू असतात, पण त्या तिथे का आहेत याला उत्तर नसते. आमच्या टीकेचा सारा रोख या एका मुद्द्यावर आहे.

प्रथम मापाचे पाहू. पुष्कळ चित्रांत सिनेगॉग राजवाड्याएवढा मोठा वाटतो. याची कारणे दोन. एक तर बाके, कठडे, दारे ही अंदाजाने बनवलेली असतात. बाकाची बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर, जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटिमीटर, दार दोन मीटरच्या आसपास, ही माणसाच्या शरीरावरून ठरलेली मापे आहेत. ती चुकली की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण आपण इथे बसू शकणार नाही एवढे त्याला जाणवते. दुसरे म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. नवशिका संगणकातील कॅमेरा छतापाशी टांगतो आणि सारा दिवाणखाना एका दमात दिसावा म्हणून अतिरुंद भिंग लावतो. त्याने कोपरे ताणले जातात आणि खांब वाकडे होतात. उभ्या माणसाचा डोळा दीड-पावणेदोन मीटरवर असतो, बाकावर बसलेल्याचा सव्वा मीटरच्या आतबाहेर. कॅमेरा तिथे ठेवावा, भिंग २४ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान घ्यावे, उभ्या रेषा उभ्याच राहू द्याव्यात. सारे दिसणार नाही, अर्धा तेबा खांबाआड जाईल. जाऊ द्यावा. प्रार्थनेला बसलेल्या माणसालाही सारे दिसत नसते.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि इथे आपल्या तरुणांची फसगत सर्वांत जास्त होते. कोकणातून येरुशलेम पश्चिमेला. म्हणून तिथे हेखाल पश्चिमेच्या भिंतीला. इथे अश्दोदमध्ये तो पूर्वेला येतो आणि दिमोनात उत्तरेला. इथल्या सवयीने चित्र काढणारा सकाळच्या प्रार्थनेचे ऊन हेखालाच्या बाजूने आत आणतो. कोकणात शाहरीतच्या वेळी सूर्य मंडळींच्या पाठीशी असतो; पूर्वेकडे दार-खिडक्या असतील तर त्यांतून आलेली उन्हाची पट्टी बाकांवरून सरकत तेब्याकडे आणि पुढे हेखालाच्या पडद्याकडे जाते. मिन्हाच्या वेळी उलट. सूर्य हेखालाच्या भिंतीमागे गेलेला, आणि पडदा सावलीत. ही एक गोष्ट साधली तर जाणत्या माणसाला चित्र निराळेच दिसू लागते.

दिशेइतकीच उंचीही महत्त्वाची. अलिबाग सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, येरुशलेम पावणेबत्तीस अंशांवर. डिसेंबरच्या ऐन थंडीत भरदुपारी येरुशलेमला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंशांवर असतो, अलिबागला ४८ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर कोकणात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. इस्राएलमध्ये असे कधीच होत नाही. आता ही माहिती डोक्यात ठेवण्याचीही गरज नाही. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ दिली की प्रणाली सूर्य बरोबर जागी नेऊन ठेवते. पण नवशिका ते करत नाही. तो सूर्य हाताने फिरवत राहतो आणि 'सुंदर' दिसेल तिथे थांबतो. मग मे महिन्यातील कोकणी दुपारी जमिनीवर लांबच लांब सावल्या पडतात, आणि पाहणाऱ्याला कुठे बिघडले ते न कळता सारे खोटे वाटू लागते.

आतल्या प्रकाशाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. चित्र काळोखे होईल या भीतीने खोलीत दहा-बारा अदृश्य दिवे लावून ठेवण्याची खोड सार्वत्रिक आहे. त्यामुळे बाकाखाली सावली उरत नाही आणि बाके जमिनीपासून बोटभर वर तरंगतात. खऱ्या खोलीत दिवसा उजेड येतो तो खिडकी-दारांतून, आणि पुढे तो भिंतींवरून, लाद्यांवरून उसळून पसरतो. बाहेर अंगणात लाल माती असेल, तर दुपारी ओटीच्या छताला खालून किंचित तांबूस छटा चढते. कॉर्नेलच्या त्या खोक्यात दाखवले होते ते हेच. रात्रीचे चित्र असेल तर दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे दुप्पट अंतरावर चौथाई उरतो, हे विसरू नये. तेलाच्या कंदिलाचा उजेड सुमारे २००० केल्विनचा, पिवळा-तांबूस. साध्या विजेच्या बल्बचा २७०० च्या आसपास. भरदुपारच्या उन्हाचा ५५०० च्या घरात. आम्ही पाहिलेल्या चित्रांत कंदिलांतून शुभ्र पांढरा प्रकाश पडतो आणि खोलीचे चारही कोपरे सारखेच उजळतात. तेलाच्या दिव्यांनी उजळलेल्या सिनेगॉगमध्ये कोपऱ्यात काळोख असायचाच. तो काळोख पुसून टाकला तर कंदील टांगण्याला अर्थ उरत नाही.

आता पृष्ठभाग. सागवानी कठड्याची कड कधीच सुरीच्या पात्यासारखी नसते. सुताराने ती रंधा मारून किंचित मारलेली असते आणि पुढे हातांनी झिजवलेली असते. संगणकात प्रत्येक कडेला दोन-तीन मिलिमीटरची गोलाई दिली की तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ उमटते आणि लाकूड लाकडासारखे दिसू लागते. इतक्या थोड्या श्रमात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. लाकडाच्या रेषांची दिशाही पाहावी. आडव्या फळीत रेषा उभ्या धावताना आम्ही अनेकदा पाहिल्या आहेत. असे लाकूड कोणत्याच सुताराने कापलेले नाही. भिंत शंभर टक्के पांढरी ठेवू नये. ताजा चुनाही पडलेल्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा तरी गिळतो, आणि सफेदीत नीळ घातलेली असेल तर ती सावलीत किंचित निळी दिसते. चुन्याचा हात कुंच्याने मारतात, त्यामुळे भिंतीवर फटकारे राहतात. कौले एकाच मापाची असली तरी छपरावर ती एका ओळीत कधी बसत नाहीत. नक्षीच्या लाद्यांचा एकच तुकडा शंभर वेळा छापला की त्यावरचा एकच डाग शंभर ठिकाणी उमटतो, आणि मग डोळा प्रार्थनेकडे न जाता ते डाग मोजत बसतो.

झिजेचा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे. "चित्र फार नवे वाटते" असे कुणी सांगितले की नवशिका तयार भेगांचे आणि ओघळांचे थर सगळ्या भिंतींवर सारखेच पसरतो. सिनेगॉग मग पडक्या किल्ल्यासारखा दिसतो. डाग हा कुठेही पडत नाही. पावसाळ्यात कोकणात नैर्ऋत्येकडून झड येते, म्हणून त्या बाजूची भिंत आधी काळवंडते. खिडकीच्या उंबरठ्याच्या दोन टोकांखाली ओघळ येतात, मध्यभागी नाहीत. पागोळ्या पडतात त्या रेषेत माती उडून जोत्याच्या वर हात-दीड हात भिंत मळते आणि तिथेच शेवाळ धरते. आत कंदिलाच्या वर छताला काजळी असते. मेझुझा जिथे आहे, तिथे दाराच्या चौकटीवर बोटांनी गुळगुळीत झालेला एक ठिपका असतो. हाजान जिथे हात टेकतो, तिथला कठडा बाकीच्या कठड्याहून अधिक चकाकतो. बाकीचे लाकूड निस्तेज ठेवून एवढीच जागा चकचकीत केली, तर चित्रात माणूस न दाखवताही तिथे माणूस येऊन गेला हे कळते. उलट, चित्रांत पारदर्शक भुतांसारखी जी परकी माणसे चिकटवलेली असतात, त्यांच्यामुळे दालन अधिकच रिकामे भासते.

अक्षरांबद्दल आम्हांला कडक शब्दांत लिहावे लागते. हेखालावरची हिब्रू अक्षरे काही चित्रांत आरशात पाहिल्यासारखी उलटी आलेली आहेत. पोत भिंतीवर चढवताना ती फिरली आणि कुणाच्या लक्षात आले नाही. अलीकडे नुसते एक वाक्य लिहिले की चित्र तयार करून देणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत. त्यांच्या चित्रांत ऊन, काजळी, ओल सारे काही हुबेहूब असते. पण हिब्रूसारखी दिसणारी अक्षरे पुष्कळदा कोणताच शब्द होत नाहीत, आणि दाखवलेली जागा जगात कुठेच नसते. असे चित्र 'पेणचे सिनेगॉग' किंवा 'रेवदंड्याचे सिनेगॉग' या नावाखाली लावणे हे आम्ही अनुचित समजतो. ज्या भिंतीवर देवाचे नाव लिहिलेले होते, तिच्यावर निरर्थक रेघोट्या असू नयेत. एवढी काळजी घेता येत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी.

तुलनेसाठी दोन मोठी उदाहरणे घेऊ. पहिले येरुशलेमचे. जुन्या शहरातील हुरवा सिनेगॉग १८६४ मध्ये पुरा झाला आणि १९४८ च्या लढाईत उद्ध्वस्त करण्यात आला. १९६७ नंतर तो नव्याने बांधण्यासाठी स्थापत्यकार लुई कान यांना बोलावण्यात आले. अहमदाबादची प्रसिद्ध व्यवस्थापन संस्था बांधणारे तेच हे कान. त्यांनी एकामागून एक तीन आराखडे केले. पहिल्या आराखड्यात बाहेर येरुशलेमच्या दगडाचे सोळा बुरूज, आत काँक्रीटचे स्वतंत्र दालन, आणि दोहोंमधल्या फटींतून उतरणारा उजेड अशी कल्पना होती. १९७४ मध्ये कान वारले आणि ते काम कागदावरच राहिले. आज तिथे दिसतो तो जुन्या धर्तीवर पुन्हा बांधून २०१० मध्ये खुला केलेला सिनेगॉग. कान यांच्या न बांधलेल्या हुरवाची संगणकी चित्रे केंट लार्सन या अमेरिकी स्थापत्यकाराने तयार केली. २००० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात ती आहेत. त्यांत भिंतीभिंतींवरून उसळणाऱ्या उजेडाचे गणित केलेले आहे, आणि दगडावरून उतरणारा उजेड खरोखर दगडावरून उतरल्यासारखा वाटतो. शिकाऊ माणसाने ती जरूर अभ्यासावीत. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. तो सिनेगॉग कधी उभाच राहिला नाही. तिथे कुणी बसले नाही, दिवा लावला नाही. ते एका इच्छेचे चित्र आहे, आणि इच्छेला ती स्वच्छ, निर्मनुष्य शांतता शोभते. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथला ती शोभणार नाही. ती १९१० ची इमारत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी ती वापरली आहे.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. मार्च १९९४ मध्ये ल्यूबेक शहरातील सिनेगॉगला आग लावण्यात आली. त्या घटनेने अस्वस्थ होऊन डार्मश्टाट येथील तंत्रविद्यापीठातील स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नात्झींनी नष्ट केलेले सिनेगॉग संगणकावर पुन्हा उभे करण्याचे काम सुरू केले. फ्रँकफुर्टच्या सिनेगॉगांपासून आरंभ झाला, आणि २००० साली बॉन येथे त्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. ती पहिली चित्रे आजच्या नजरेने पाहिली तर कच्ची वाटतात. प्रकाश सपाट आहे, लाकूड प्लास्टिकसारखे दिसते, आणि आमचे एखादे होतकरू पोर आज त्याहून चकचकीत चित्र काढील. तरीही ती चित्रे मनाला धरून ठेवतात. कारण प्रत्येक कमान कुठल्यातरी नकाशातून, जुन्या छायाचित्रातून किंवा वाचलेल्या माणसाच्या आठवणीतून आलेली आहे. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत रंग नसतो. तो माणसांना विचारावा लागतो. सफाईत लार्सन यांची चित्रे सरस, पण आपल्या कामाशी नाते डार्मश्टाटच्या कामाचे अधिक आहे. यंत्राची सफाई दर काही वर्षांनी जुनी होते. विचारपूस करून मिळवलेली माहिती जुनी होत नाही.

यातूनच एक अडचणीचा प्रश्न निघतो. चित्र जितके खरे दिसू लागते तितकी त्यातील चुकीची गोष्टही खरी ठरू लागते. साधे रेखाचित्र पाहून कुणी फसत नाही. छायाचित्रासारखे चित्र पाहून नातवंडे म्हणतील, "आमच्या गावचा तेबा हिरव्या रंगाचा होता," आणि ते सांगणारा दुसरा कुणी तोवर उरलेला नसेल. आंबेपूर, म्हसळा अशा गावांत आपल्या लोकांची घरे किती उरली आहेत, हे वाचकांना सांगायला नको. यावर आम्ही सुचवतो तो उपाय नवा नाही. पुरातन वास्तूंच्या संगणकी चित्रांसाठी अभ्यासकांनी केलेल्या 'लंडन चार्टर' या नियमावलीत, जिची सुधारित आवृत्ती २००९ ची आहे, हेच सांगितले आहे: पुराव्याने ठाऊक असलेले काय आणि अंदाजाने भरलेले काय, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. आपल्या चित्रांत जो भाग अंदाजाचा असेल तो करड्या, बिनपोताच्या रंगात ठेवावा. चित्र थोडे अपुरे दिसेल, पण विश्वासार्ह होईल.

त्याबरोबर साल लिहावे. सिनेगॉग एकाच रूपात कधी राहत नाही. मुंबईच्या कोट भागातील केनेसेथ एलियाहू, जो बगदादी मंडळींनी १८८४ मध्ये बांधला, बरीच वर्षे आकाशी निळ्या रंगाने ओळखला जाई. २०१९ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाल्यावर त्याचे बाह्य रूप पालटले. पनवेलच्या बेथ एलमध्ये २६ जुलै २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि सेफेर तोरांची हानी झाली. त्या दिवसाआधीचे बेथ एल आणि नंतरचे बेथ एल ही दोन चित्रे आहेत. कोणते काढले ते चित्राखाली लिहिले नाही, तर दोन्ही एकमेकांत मिसळून तिसरेच काहीतरी तयार होते.

शिकणाऱ्यांनी खरी वस्तू पाहावी, हा शेवटचा सल्ला. कोकणात जाणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण येरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचे अंतरंग आणून उभे केलेले आहे. आपले नसले तरी ते भारतीय सुतारांच्या हातचे लाकूडकाम आहे. त्याच्या छताखाली तासभर उभे राहून कडा कशा झिजल्या आहेत, रंग कुठे उडाला आहे आणि उजेड कोरीव कामाच्या खोबणीत कुठवर जातो, हे पाहिले तर दहा पुस्तकांचे काम होईल.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. पूर्वी लग्ने सिनेगॉगमध्येच लागत आणि फोटोही तिथेच निघत. त्या फोटोंत वधूवरांच्या मागे तेब्याचा कठडा असतो, पायाखाली लादीची नक्षी असते, वर कंदिलाची साखळी असते. नवरदेवाची उंची ठाऊक असली की त्यावरून कठड्याची उंची काढता येते. दिमोना, बेर शेवा, लोद येथील घरे आवरताना अशी छायाचित्रे टाकून दिली जातात, हे आम्ही पाहिले आहे. ती टाकू नयेत. मागच्या बाजूला गाव, सिनेगॉगचे नाव आणि साल पेन्सिलीने लिहावे, आणि घरातल्या त्या संगणकवेड्या नातवाला जवळ बसवून, चित्रात दिसत नाही ते त्याला तोंडी सांगावे.